अस्मानी, सुलतानी आणि शेतकऱ्याचा तत्त्वविचार

शेतकऱ्यावर येणाऱ्या संकटांचे दोन वर्ग आपल्या भाषेत फार पूर्वीपासून मानलेले आहेत. अवर्षण, अतिवृष्टी, गारा, कडाक्याची थंडी ही अस्मानी. आणि लूट, जुलूम, अवाजवी सारा ही सुलतानी. अस्मानी आली तर ती सोसावी, पुढील मृगाची वाट पाहावी. सुलतानी आली तर अर्ज करावा, गाऱ्हाणे न्यावे, प्रसंगी हट्टास पेटावे, अशी आपल्या वाडवडिलांची रीत होती. कोणत्या दुःखाशी झगडावयाचे व कोणते पदरी घ्यावयाचे, हे त्यांस ह्या एका भेदावरून कळत असे. हा भेद आता पुसट होत चालला आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या पिकाइतकीच त्याच्या मनाचीही हानी होत आहे, असे आमचे मत आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गेल्या दहाबारा वर्षांचा अनुभव वाचकांच्या डोळ्यांसमोर आहेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत ऐन सुगीत गारपीट झाली. २०१८ साली सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत खानदेशचेही तालुके होते. लगेच पुढल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीस आलेली ज्वारी, मका व वेचणीचा कापूस पावसाने भिजून गेला. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. रावेर-यावलकडील केळीवाल्यास तर बारमाही धास्ती असते. हिवाळ्यात थंडीने बाग थिजते, वैशाखात उन्हाने घड भाजतो, आणि ज्येष्ठाच्या तोंडाशी वादळ आले की उभी बाग आडवी होते.

ह्यांतील प्रत्येक संकट केवळ पृथ्वीच्या तापण्यामुळेच आले, असे जाणते शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. अवर्षण व गारा पूर्वीही होत्या. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ खानदेशाने भोगलेला आहे. परंतु शास्त्रज्ञ जे निश्चयाने सांगतात ते असे. दगडी कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने हवेतील कर्बवायू वाढला आहे. कारखानदारीच्या पूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे २८० भाग होता, तो आता ४२० भागांच्या वर गेला आहे. तेणेकरून पृथ्वीचे सरासरी तापमान चढले, आणि २०२४ हे वर्ष कारखानदारीपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस थोड्या दिवसांत एकदम कोसळण्याची व मधली उघडीप लांबण्याची भीती वाढते. थोडक्यात, अस्मानीत माणसाचा हात शिरला आहे. जी सुलतानी पूर्वी तालुक्याच्या गावातून येत असे, ती आता ढगांतून येते, आणि तिच्याविरुद्ध अर्ज कोणाच्या कचेरीत द्यावा हे कोणास कळत नाही.

अशा वेळी माणूस तीन वाटांनी भरकटतो. कोणी म्हणतो, हे कलियुग आहे, होणारे चुकत नाही. तो हात टेकून बसतो. दुसरा म्हणतो, धूर विलायत-अमेरिकेने केला, निस्तरावे त्यांनीच. तो रागात बसतो. तिसरा म्हणतो, शास्त्र काहीतरी शोधील, नवे बियाणे येईल, तोवर आणखी शंभर फूट खोल जाऊ. तो कर्ज काढून बसतो. तिघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. दैव आहेच, श्रीमंत राष्ट्रांचा दोष मोठा आहेच, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा त्यात वाटा नगण्य आहे, शास्त्राचा उपयोगही आहेच. परंतु आज सकाळी उठून मी काय करावे व कोणत्या वृत्तीने करावे, ह्याचे उत्तर तिघांपैकी एकासही सापडत नाही. तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे.

तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही, असे कित्येक वाचक येथे म्हणतील. त्यांस आम्ही आपल्याच मुलुखातील दोन गोष्टींची आठवण देतो. अमळनेर येथे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे देशातील नामांकित तत्त्वज्ञ तेथे येऊन राहिले. कापसाच्या व्यापारातून उभा राहिलेला पैसा विचाराच्या कामी लावावा, असे खानदेशातील एका व्यवहारी माणसास वाटले होते. दुसरी गोष्ट १९३२ सालची. त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ऐकणारे बंदिवान होते. सुटका केव्हा होईल, घरी काय चालले असेल, हे त्यांच्या हाती नव्हते. ज्यांच्या हाती फारसे काही उरलेले नाही अशा माणसांपुढेच तो ग्रंथ निर्माण झाला, ही गोष्ट आजच्या शेतकऱ्याने ध्यानी घ्यावी.

आता तत्त्वविचार कोणत्या कामी येतो ते क्रमाने पाहू.

पहिले काम विवेकाचे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: कर्माचे स्थान, करणारा, साधने, नाना प्रकारच्या खटपटी, आणि पाचवे दैव. शेतीस हे किती चपखल बसते पाहा. शेत हे स्थान, आपण कर्ते, बैल-औत-बियाणे-पाणी ही साधने, नांगरणीपासून मळणीपर्यंतच्या खटपटी, आणि मग पाऊस. दैव नाकारलेले नाही; पण त्याची जागा पाचवी आहे. रोमन साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. तो मूळचा गुलाम. त्याच्याही शिकवणीचा पाया हाच की आपल्या अधीन काय व अधीन नाही काय, हे आधी वेगळे करावे. आम्ही ह्यात आजच्या काळापुरते एवढेच जोडतो की, ही वाटणी एकट्याने करू नये, गावाने करावी. पावसाचा दिवस एकट्याच्याही हाती नाही व गावाच्याही हाती नाही. परंतु नाल्याचे पाणी अडविणे, बांधावर झाड राखणे, सगळे शेत एकाच पिकाखाली न घालणे, ह्यांतील कित्येक गोष्टी एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या असल्या तरी गावाच्या आवाक्यातील आहेत. दैवाच्या खात्यावर लिहिलेल्या अनेक रकमा वस्तुतः गावाच्या खात्यावरच्या आहेत.

दुसरे काम फळाविषयीची समजूत नीट करण्याचे. फळाची आसक्ती सोडावी, हे वचन शेतकऱ्यास ऐकविणारे पुष्कळ. पण त्याचा अर्थ नुकसान मुकाट्याने गिळावे असा करणे हा शुद्ध अनर्थ आहे. आम्ही महसूल खात्यात तीस वर्षांवर कारकुनी केली, नुकसानीचे पंचनामे हजारोंनी हाताळले. त्यावरून निक्षून सांगतो की, विम्याची सूचना ठरलेल्या मुदतीच्या आत द्यावी, पीकपाहणीची नोंद वेळेवर करावी, पैसेवारी चुकीची लागली तर हरकत घ्यावी. हेही कर्तव्यच होय. फलत्यागाचा अर्थ इतकाच की, आपली योग्यता आपण त्या वर्षीच्या उताऱ्यावरून मोजू नये. ज्याचे पीक गेले तो नालायक ठरत नाही, आणि ज्याचे वाचले तो पुण्यवान ठरत नाही. एकाच शिवारात, एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंस, एकाच गारपिटीने सर्वस्व गेलेले शेजारी आम्ही पाहिले आहेत. एकजण पंचनाम्यावर सही करून दुसऱ्या दिवशी खोडवे नीट करावयास लागे. दुसरा महिनोन् महिने चावडीकडे फिरकत नसे, लोक काय म्हणतील ह्या लाजेने. नुकसान दोघांचे सारखे होते. दुसऱ्याच्या मनावर अपयशाची लाज अधिक होती. हीच लाज पुढे माणसास एकटे पाडते, आणि एकट्या पडलेल्या कर्जदाराचे काय होते हे आपल्या जिल्ह्यांस सांगावयास नको. ज्या घरात अशी शांतता पसरली असेल तेथे शेजाऱ्याने आपण होऊन जावे. मदत देता आली नाही तरी दार वाजवावे.

तिसरे काम ऋणाच्या जाणिवेचे, आणि येथेच खरी कसोटी आहे. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे; पूर्वजांचे, ऋषींचे व देवांचे ऋण त्याने फेडावयाचे असते. पितृऋणाची फेड पुढील पिढीच्या द्वारे होते. मग भूगर्भातील पाण्याचा हिशोब कसा मांडावा? तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात गाळाची जमीन खोल, पाणी विपुल, म्हणून केळी बहरली. विहिरी आटल्या तेव्हा नलिकाकूप आले, आणि ते दरवर्षी अधिक खोल जात राहिले; हे तालुके आज भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून नोंदले गेले आहेत. शेजाऱ्याने खोल नेले म्हणून मी नेतो, मी नेले म्हणून तो आणखी नेतो. ह्यात दोघांपैकी कोणी दुष्ट नाही. तरीही दोघे मिळून आपल्या नातवांच्या वाट्याचे पाणी उपसतात. विलायतेच्या धुराविषयी आपण जी तक्रार करतो तीच तक्रार आपली नातवंडे आपल्याविषयी करतील, हा विचार कडू आहे, परंतु तो केल्यावाचून आपल्या तक्रारीस वजन येणार नाही.

ह्या कोड्याचे उत्तर आपल्याकडे शेकडो वर्षे चालत होते. पांझरा व आसपासच्या नद्यांवरील फडपद्धती वाचकांस ठाऊक असेलच. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, आणि पिके फडाफडांतून पाळीने फिरावयाची. खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, हवालदार देखरेख ठेवी. पाणी कमी पडले तर सर्वांनी मिळून भिजवावयाचे फड कमी करावयाचे. त्यामुळे तूट एकाच्याच माथी न बसता सर्वांत वाटली जाई. पुढे वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. ही पद्धत बांधणाऱ्यांनी न्यायशास्त्राचा ग्रंथ वाचला नव्हता. पण सुकाळ वाटून घेण्यापूर्वी टंचाई वाटून घेण्याचा नियम ठरवावा, हा न्यायाचा गाभा त्यांनी दगडमातीत उतरविला होता. जुनी पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. तिचा नियम मात्र विहिरीच्या पाण्यासही लागू पडतो.

असे आता होणे नाही, म्हणणाऱ्यांनी साक्री तालुक्यातील बारीपाड्याकडे पाहावे. उजाड झालेला डोंगर तेथील आदिवासी गावाने १९९० नंतरच्या वर्षांत स्वतः नियम घालून, स्वतः दंड ठरवून राखिला. शेकडो एकरांत जंगल उभे राहिले, आणि विहिरींस पाणी आले. ह्या कामात पुढे असणारे श्री. चैत्राम पवार यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. बारीपाड्याने जगाचे हवामान सुधारले नाही. ते एका गावाचे कामही नव्हे. परंतु जग सुधारेपर्यंत आपण थांबले पाहिजे असे त्या गावाने मानले नाही.

आम्ही मराठी शाळेत शिकलेले, दप्तरात आयुष्य गेलेले. आमच्या शब्दांस पांडित्याचा आधार नाही. तरीही संघाच्या सभासदांपुढे दोन सूचना ठेवितो. पहिली, प्रत्येक शाखेने दिवाळीनंतर, रब्बीचा पेरा ठरण्यापूर्वी, एक बैठक घ्यावी. तीत गावच्या विहिरींची पातळी फळ्यावर मांडावी, आणि पाणी कमी असेल तर कोणी किती क्षेत्र भिजवावयाचे हे लहानथोर सर्वांनी मिळून ठरवावे. लहान खातेदाराच्या विहिरीस प्रथम संरक्षण मिळावे. दुसरी, त्याच बैठकीत तासभर वाचन व चर्चा असावी. गीता घ्यावी, बुद्धाची शिकवण घ्यावी, तुकोबा घ्यावेत, ज्यास जे मानवेल ते. पण शेवटी प्रश्न एकच असावा की, ह्या वर्षी आपल्या हाती काय आहे आणि आपण कोणाचे देणे लागतो. अमळनेरच्या विद्वानांस अशा बैठकीस आदराने बोलावावे. ते येतील असा आम्हांस भरवसा आहे.

पुढील वर्षे सोपी असतील असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. सरकारांशी व श्रीमंत राष्ट्रांशी न्यायाचे भांडण चालूच ठेवावे लागेल. परंतु ते भांडण ज्यांनी आपल्या शिवारात टंचाई न्यायाने वाटून दाखविली आहे, त्यांच्या तोंडी अधिक शोभेल. सभासदांनी ह्या सूचनांवर आपापल्या शाखेत विचार करून अनुकूल वा प्रतिकूल जे मत होईल ते ह्या मासिकाकडे कळवावे, अशी विनंती आहे.