पन्हळीत काय घालायचं?

मेसच्या भाजीची पाळी आली की आम्ही मंडईत जातो. बाकीचे भाव करतात, मी वर छपराकडे बघत उभा राहतो. त्यामुळे "सिव्हिलवाल्याला भाजीला पाठवू नका" असा ठराव मेस कमिटीत झालेला आहे. पण मित्रांनो, मंडईत वर बघण्यासारखं खरंच आहे. १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडलेली ही इमारत, आराखडा वॉल्टर ड्युकाट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. मधे अष्टकोनी मनोरा, भोवती उतरती कौलारू छपरं.

अशा छपराची दोन पाखी जिथे कोनात भेटतात, तिथे पन्हळ येते. दोन्ही बाजूंचं पाणी तिथेच उतरतं, म्हणून छप्पर गळायला लागतं तेही बहुधा तिथूनच. विलायती पुस्तकं सांगतात, पन्हळीत शिशाचा पत्रा घाला. तिकडे पाटीच्या दगडाच्या छपरांवर शतकानुशतकं तेच चालत आलंय. शिसं मऊ, हाताने ठोकून कोणत्याही कोपऱ्यात बसतं. व्हायवाला हे उत्तर दिलं की मार्क मिळतात. प्रत्यक्षात मात्र मी ते देणार नाही.

एक तर वजन. १.८ मिलीमीटर जाडीचा शिशाचा पत्रा चौरस मीटरला २० किलो भरतो, ०.६ मिलीमीटरचा तांब्याचा साडेपाच किलोसुद्धा नाही. दुसरं ऊन. ३ मीटरचा पत्रा ४० अंशांनी तापला तर शिसं साडेतीन मिलीमीटर वाढतं, तांबं दोन. रोजच्या या वाढण्या-आखडण्यात लांब तुकडा शेवटी चिरतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: शिसं विषारी आहे. रक्तात किती शिसं चालेल याची सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद केलं, मग भाजीच्या गाळ्यांवर ते मुद्दाम का चढवायचं?

मग काय घालायचं? जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा सगळ्यात स्वस्त. पण पन्हळीत कचरा साचतो, ओल राहते, मुलामा झिजतो आणि कापलेल्या कडेपासून गंज चढतो. आम्ही त्याच्याच खाली राहतो. दर जूनमध्ये वरून डांबर आणि खोलीत बादली! ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण ओल्या चुन्या-सिमेंटला लागलं की खाल्लं जातं. स्टेनलेस स्टील टिकाऊ, पण छपरावर बसून हाताने वळत नाही. मापं घेऊन कारखान्यातच घड्या घालून आणावं लागतं. तांबं वळतंही आणि टिकतंही. मात्र त्याचं पाणी जस्ताच्या पाइपात सोडलं तर पाइप लवकर जातो, आणि चोरांचा डोळा असतो तो वेगळाच.

माझं मत सरळ आहे. वसतिगृहासारख्या साध्या इमारतीला स्टेनलेस स्टील. मंडईसारख्या वारशाच्या इमारतीला तांबं, खालचे पाइपही त्याला चालतील असे. तांबट आळी तर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथले कारागीर भांडी घडवतात, छपरं नाही, हे मान्य. पण तांब्याला न फाडता वळवायचं कसं, हे त्यांच्याइतकं आपल्या वर्कशॉपलाही कळत नाही.

"खर्च किती?" हा प्रश्न रास्तच आहे. मंडई बांधण्यावर एवढा पैसा घालायला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि आज तीच इमारत त्यांचं नाव लावते. लोकांचा पैसा जपूनच वापरावा. पण मग हिशोब तीस पावसाळ्यांचा करा, पहिल्या बिलाचा नको. दरवर्षीचं डांबर, दरवर्षीची मजुरी आणि दरवर्षी भिजलेल्या गाद्या एस्टिमेटमध्ये धरल्या, तर स्वस्त पत्रा स्वस्त राहत नाही.

तोवर जून जवळ आलाय. बादली कुणाकडे आहे?