वंशवृक्ष की वारसयादी?

आमच्या आडनावाच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं घाटतंय. मी 'कंप्युटरवाला', म्हणून माहितीचा फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. "जुनेच रकाने ठेव, फक्त एक्सेलमध्ये घाल," अशी सूचना. जुने रकाने नीट बघितले आणि डोकं फिरलं. म्हणून या वीकेंडला हा विषय.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण ज्याला वंशवृक्ष म्हणतो तो वंशवृक्ष नाहीच, ती वारसांची यादी आहे. इस्टेट कोणाकडून कोणाकडे गेली हे त्यातून कळतं. आपण कोणाकोणापासून झालो, हे कळत नाही.

साधं गणित करू. आईवडील दोन, आजीआजोबा (दोन्हीकडचे) चार, त्यांचे आईवडील आठ... दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ जागा होतात. नात्यातल्या लग्नांमुळे काही जागांवर तीच माणसं पुन्हा येतील, पण ते सोडा. कुलवृत्तांत यातली ओळ धरतो फक्त बापाच्या बापाच्या बापाची. म्हणजे दहाव्या पिढीत १०२४ पैकी १! आणि त्या एकाच्या जोरावर आपण 'आमचं मूळ अमुक गावचं' असं छाती फुगवून सांगतो. बाकीचे १०२३ काय आभाळातून पडले?

आता बायकांच्या नोंदी बघा. माझ्या पणजीची नोंद एवढीच: सासरचं नाव आणि कंसात माहेरचं आडनाव. ते सासरचं नावही तिचं स्वतःचं नव्हे, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून दिलेलं. जन्मापासून लग्नापर्यंत ज्या नावाने तिला हाक मारली ते कुठेच नाही. मुलींचं त्याहून सोपं. नाव, नवऱ्याचं नाव, पूर्णविराम. तिची मुलं 'त्यांच्या' कुलवृत्तांतात, म्हणजे तिथे ती पुन्हा कंसात. आणि 'प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, तृतीय पत्नी' अशी ओळ तर आपण पटकन वाचून पुढे जातो. पहिल्या दोघी कशाने गेल्या? बाळंतपणात? तापाने? किती वर्षांच्या होत्या? रकानाच नाही.

ज्यांनी हे ग्रंथ पहिल्यांदा केले त्यांच्यावर माझा राग नाही. पोस्टकार्डं पाठवून, गावोगाव फिरून, तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळून त्यांनी हे जमवलं. कागद महाग, छपाई महाग. राग आहे तो आपल्यावर. आज जागेची अडचण नाही. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा गेडकॉम नावाचा फॉरमॅट १९८० च्या दशकापासून आहे, आणि त्यात नवरा, बायको आणि प्रत्येक मूल यांची स्वतंत्र नोंद असते. हा फॉरमॅट काढला अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने, म्हणजे काही फार क्रांतिकारक मंडळींनी नव्हे :-) तरी आपण एक्सेलमध्ये पुन्हा तोच कंस भरणार.

लगेच उत्तर येतं, "बायकांची माहिती मिळतच नाही हो." मिळते. शोधायची असेल तर मिळते. तलाठ्याकडचे जुने फेरफार काढा. जमीनधारक वारला की वारसनोंद होते, तिथे विधवेचं नाव सापडतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानंतरच्या फेरफारांत मुलींचीही नावं येऊ लागली, कारण हक्कसोडपत्रावर त्यांची सही किंवा अंगठा हवा असतो. म्हणजे बघा, वंशावळीत जिला जागा नाही तिचं नाव सरकारी कागदावर सापडतं, कारण तिच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं! शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलीचं माहेरचं नाव, जन्मतारीख, गाव असतं. जुन्या गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात.

हे नमुना १४ प्रकरण आता घरोघरी माहीत झालंय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि लोक मोडी वाचणाऱ्यांना शोधत फिरू लागले. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण तिथलीही तऱ्हा बघा: नोंद वडिलांकडच्या नात्यात सापडली तर कामाची, आईच्या माहेरी सापडली तर सहसा नाही. तेव्हा 'वंशावळीतला कंस' हा काही निव्वळ भावनेचा प्रश्न नाही. कोणाचं रक्त मोजायचं, हे तो कंस ठरवतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. आधी मूल, मग आई, मग वडील, मग आडनाव. चांगलं झालं. पण हा नियम पुढच्या पिढ्यांसाठी आहे. मागच्या पिढ्यांसाठी कुठलाही जीआर निघणार नाही. ते काम आपलंच, आणि त्याला मुदत आहे. पणजीचं माहेरचं नाव ठाऊक असलेलं माणूस घरात बहुधा एकच उरलेलं असतं, तेही ऐंशीच्या पुढचं.

तेव्हा वंशवृक्षाचं पोस्टर छापून भिंतीवर लावण्याआधी आजीला फोन करा. तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव विचारा. मग त्या आईच्या आईचं. ती कुठे थांबते ते लिहून ठेवा, तारखेसकट. बापाकडची ओळ काय, कोणीतरी छापून ठेवलेलीच आहे.