माहिती पोस्टरवर आहे, पण कुणासाठी?

बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोर लंका नावाचा बाजार आहे. तिथल्या एका छोट्या डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसात मी काम करतो. मूळचा विदर्भातला, घरातला पहिला पदवीधर. एम.ए. करायला वाराणसीला आलो आणि इथेच राहिलो. साड्यांची दुकानं, गेस्ट हाऊस, कोचिंग क्लास यांच्यासाठी पोस्टर, रील, बॅनर तयार करायचे, हे माझं पोटापाण्याचं काम.

एकदा एका कोचिंगवाल्याची जाहिरात केली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी काही मोफत जागा, त्यासाठी प्रवेश परीक्षा. मनापासून केली, कारण काम आपल्या पोरांच्या उपयोगाचं होतं. पोस्टर झकास झालं. परीक्षा कधी, अर्ज कुठे, शेवटची तारीख कोणती, सगळं त्यावर होतं. वर दोन ओळी लिहिल्या : ‘सुवर्णसंधी! आजच नोंदणी करा! माहिती पोस्टरवर आहे.’ पुढे आगीच्या ज्वाळांची पाच-सहा चिन्हं टाकली आणि ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवून दिली.

माझा एक मित्र गाजीपूर जिल्ह्यातला आहे. जातीने रविदासी, घरातला पहिला पदवीधर आणि जन्मापासून अंध. ही जाहिरात त्याच्याच कामाची होती. ती त्याला मिळालीही. त्याच्या फोनने ती वाचून दाखवली : सुवर्णसंधी, आजच नोंदणी करा, माहिती पोस्टरवर आहे, आग, आग, आग, आग, आग. आणि शेवटी एकच शब्द, ‘फोटो’. खोलीवरचा सोबती गावी गेला होता. तो परत आल्यावर त्याच्याकडून पोस्टर वाचून घेतलं, तेव्हा शेवटची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. कोचिंगवाल्याने अर्ज घेतला नाही.

तो माझ्यावर चिडला नाही. एवढंच म्हणाला, “भाई, तारीख खाली टाइप केली असतीस तर?”

मला उत्तर देता आलं नाही. टाइप करायला एक मिनिट लागलं असतं. त्याचं एक वर्ष गेलं.

ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंध माणूस स्मार्टफोन आणि संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही सोय ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ या नावाने असते. संगणकावर ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतो. त्याचं काम 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलं, कारण विकत मिळणारे स्क्रीन रीडर सामान्य माणसाला परवडत नव्हते. पण स्क्रीन रीडरला वाचायला मजकूर लागतो. पोस्टरवरची अक्षरं आपल्याला अक्षरं दिसतात, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र असतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस संगणकावर उघडली की तो इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचतो. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफवर तो गप्प बसतो. आता चित्रातली अक्षरं ओळखणारी ॲप आली आहेत हे खरं. पण आपण देवनागरीला वेलांट्यांची नक्षी काढून, मागे फोटो लावून, तिरपी करून टाकतो. तिथे ॲपही अडखळतं आणि तारखेचा आकडाच नेमका चुकतो.

आता हा विषय या स्तंभात का? कारण ‘तुला वाचता येणार नाही’ हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्या पणजोबांना ते सांगितलं गेलं होतं.

ज्या ग्रंथाने आपल्याला ज्ञानापासून तोडलं, त्यानेच अपंगांचाही न्याय करून टाकला होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि बहिऱ्या माणसांना वारसाहक्कातून बाद केलं आहे. अकराव्या अध्यायात शरीरातलं व्यंग हे मागच्या पापाचं फळ ठरवलं आहे. खालची जात पूर्वजन्मीच्या कर्माने आणि आंधळेपणही पूर्वजन्मीच्या कर्माने! तर्क एकच, बळी दोन. 25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये जे जाळलं गेलं त्यात हेही होतं. पण आपण आपलं पान जळालेलं पाहिलं आणि दुसरं विसरलो.

शब्दांचंही तसंच. बाबासाहेबांनी ‘हरिजन’ हा शब्द नाकारला, कारण देवाचं नाव चिकटवल्याने माणसाला हक्क मिळत नाहीत. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी, म्हणजे आमच्या वाराणसीच्या खासदारांनी, ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे आणला. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती : आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प द्या, पुस्तकं द्या. याच शहरात दुर्गाकुंडला हनुमान प्रसाद पोद्दार अंध विद्यालय आहे. 2020 मध्ये तिथले नववी ते बारावीचे वर्ग बंद करण्यात आले आणि 2021 च्या पावसाळ्यात तिथली मुलं रस्त्यावर बसली. त्यांना हवी होती शाळा. म्हणून मी या लेखात ‘अपंग’ हाच साधा शब्द वापरतो आहे.

आणि हा प्रश्न ‘त्यांचा’ नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण 2.21 टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये 2.45 टक्के. कुपोषण, दवाखान्याचं अंतर, धोक्याची कामं ज्यांच्या वाट्याला जास्त येतात, त्यांच्यात अपंगत्व जास्त असणार, यात नवल काय? आपल्या वस्तीतला, आपल्या नात्यातला माणूस आपल्याच पोस्टरबाहेर उभा आहे.

कायदा नाही असंही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला. त्याच्या कलम 42 नुसार श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, हे पाहणं सरकारचं काम आहे. कलम 46 ने सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी संस्थांना सुगम्यतेचे नियम पाळण्यासाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत 2019 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत. 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून खटल्यात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नाही, म्हणून बँकेची ई-केवायसी अडते, अशी ती तक्रार होती. त्याच निकालात एका अंध वकिलाची याचिकाही होती.

पण कागद आणि पाणी यांतलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना माणसं घेऊन तळ्यावर जावंच लागलं.

ऑफिसात मी हा विषय काढला तेव्हा मालक म्हणाले, “असे गिऱ्हाईक कितीसे असतात?” मी धंद्याच्या भाषेत उत्तर दिलं : मजकूर टाइप केला की तो गूगलच्या शोधातही सापडतो, व्हिडिओवर अक्षरं असली की बस-रेल्वेत आवाज बंद ठेवून बघणारेही थांबतात. मालकांना पटलं. हे सगळं खरंही आहे. पण रात्री खोलीवर आल्यावर वाटलं, मी चुकीच्या कारणाने बरोबर गोष्ट मान्य करून घेतली. चवदार तळ्यावर किती जणांना तहान लागली आहे, हे कुणी मोजलं नव्हतं. तळं सार्वजनिक होतं, एवढं पुरेसं होतं.

मालकाचं सोडा, आपलं काय? विद्यापीठाच्या पलीकडेच सीर गोवर्धनपूर आहे, संत रविदासांचं जन्मस्थान. माघ पौर्णिमेला पंजाबपासून लोक तिथे लोटतात. त्या दिवसांतले कार्यक्रम, 14 एप्रिलची व्याख्यानं, नागपूरहून सारनाथला निघणाऱ्या सहली, फेलोशिपच्या सूचना, मोर्च्याचं ठिकाण : माझ्या फोनमधली अशी शेकडो निमंत्रणं मी पुन्हा तपासली. बहुतेक सगळी नुसती चित्रं होती. त्यातली कितीतरी मीच केलेली. भीमगीत मागे लावून पडद्यावर मजकूर फिरवणाऱ्या रीलमधून अंध माणसाला फक्त गाणं मिळतं. कॅप्शन नसलेल्या भाषणातून बहिऱ्या माणसाला फक्त हलणारे ओठ मिळतात. ‘शिका’ म्हणणारी चळवळ आपल्याच काही लोकांना वाचायला देत नाही, हे कटू आहे, पण आहे.

कुणी म्हणेल, आमच्याकडे ना पैसा ना माणसं, कार्यकर्ता नोकरी करून रात्री दोन वाजता पोस्टर बनवतो. बरोबर आहे, मीही तोच कार्यकर्ता आहे. सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवायला पैसे लागतात, ते जमतील तेव्हा जमवू. जे फुकट आहे ते तर आजपासून करू.

पोस्टरवरची तारीख, वेळ, ठिकाण, फोन नंबर खाली टाइप करा. युनिकोडमध्येच करा. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांवर चित्राला वर्णन जोडायची सोय आहे, त्यात ‘फोटो’ असं न लिहिता चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. व्हिडिओत जे पडद्यावर लिहिलं आहे ते कुणीतरी बोला आणि जे बोललं आहे ते लिहा. मराठी हॅशटॅगमध्ये शब्द एकमेकांना चिकटवू नका, मध्ये खालची रेघ द्या. चिन्हांची माळ लावू नका. फिक्या रंगावर फिकी अक्षरं नकोत. जगभर मानल्या जाणाऱ्या निकषात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक सांगितला आहे. आपल्या गडद निळ्यावर पांढरी अक्षरं त्यात सहज बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : पाठवण्याआधी एकदा टॉकबॅक लावून, डोळे मिटून स्वतःचीच पोस्ट ऐका.

आपल्यापैकी कितीतरी जण आज हेच काम करतात. कंटेंट लिहितात, पेज सांभाळतात, संस्थांच्या वेबसाइट करतात. शंभर वर्षांपूर्वी लेखणी दुसऱ्यांच्या हातात होती, म्हणून आपण दोष देऊ शकत होतो. आता ती आपल्या हातात आहे. कुणाला वाचता येईल आणि कुणाला नाही, हे रोज काही प्रमाणात आपण ठरवतो.

मित्र यंदा पुन्हा त्या परीक्षेला बसतो आहे. जाहिरात या वेळीही मीच केली. पाठवायच्या आधी त्यालाच फोनवर ऐकायला लावली. त्याने पूर्ण ऐकली आणि म्हणाला, “तारीख कळली. पण फीचा तक्ता अजून फोटोतच आहे.”

तो तक्ता मी टाइप केला, मगच जाहिरात पाठवली.