ज्ञानभाषा, लेंगी आणि कंप्रेसर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि ५ ऑक्टोबरला वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. दोन्ही प्रसंगी आपण आनंद मानला, तो रास्तच होता. आता या दोन घटनांच्या मधल्या जागेत एक मुलगा उभा आहे असे समजा. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी वाङ्मय घेतलेला. घरातल्या म्हाताऱ्या बायांना होळीच्या लेंगी पाठ आहेत. मुलाजवळ जुना लॅपटॉप आहे, मोबाइल आहे. त्या लेंगी नीट ध्वनिमुद्रित कराव्यात, खाली डफाची साथ भरावी, ऐकण्याजोगे काही तयार करावे, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर त्याने शिकायचे कसे?

त्याच्यासमोर इंग्रजी माहितीपुस्तिका आहेत. (‘रीपर’ची पुस्तिका चारशेहून अधिक पानांची आहे, आणि उत्तम आहे.) हिंदीतल्या असंख्य चित्रफिती आहेत. मराठीतही काही हौशी मंडळी चित्रफितींमधून समजावतात, त्यांचे ऋण मानावे. पुण्या-मुंबईचे महागडे वर्ग आहेत. नाही ते एकच: निवांत वाचता येईल, समासात खूण करता येईल, अडले की मागचे पान उलटता येईल असे मराठी गद्य. ते आपण लिहिलेले नाही. ‘आपण’ म्हणजे मराठीचे अध्यापक, अभ्यासक, नियतकालिकांतून ज्ञानभाषेच्या नावाने गळा काढणारे आपण सगळे.

यावर आपल्या स्टाफरूममध्ये दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की हा आमचा विषयच नव्हे. तंत्र तांत्रिकांनी शिकवावे, आम्ही साहित्य शिकवतो. हे वाशिममध्ये म्हणणे जरा विनोदी आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला. वत्सगुल्माचा वाकाटक राजा सर्वसेन हा स्वतः प्राकृत काव्य रचणारा. काव्य आणि विद्या यांचे लग्न ज्या गावात लागले तिथेच आपण त्यांची फारकत करून बसलो आहोत. पण पुराणे राहू द्या, जवळचे उदाहरण घेऊ. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. हिंदुस्थानी संगीताची व्यवस्था लावणारा ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला आणि तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, पुन्हा शंका निघते. भातखंड्यांच्या स्वरलिपीवर आक्षेप घेणारे पुष्कळ होते आणि ते सर्वस्वी चुकीचेही नव्हते. मात्र पुढे देशभर जी शिक्षणपद्धती पसरली तिचे मूळ गद्य मराठीत लिहिले गेले, हे नाकारता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वी गायकी शिकवू शकलेली भाषा आज ध्वनिमुद्रण शिकवायला असमर्थ ठरते, तर दोष भाषेचा कसा?

दुसरे उत्तर जास्त घातक आहे, कारण ते कामाचे सोंग घेते. आधी परिभाषा ठरवू, मग लिहू! मग ‘कंप्रेसर’ला ‘ध्वनिसंपीडक’ म्हणावे की ‘स्वनसंकोचक’, यावर चर्चासत्र होते, प्रवासभत्ता निघतो, आणि मुलगा आहे तिथेच. कंप्रेसरला मराठीत काय म्हणतात हा प्रश्नच गौण आहे. कंप्रेसर काय करतो हे मराठीत सांगता येते का, हा खरा प्रश्न. येते. असे:

गाणारी बाई कधी माइकजवळ येते, कधी मान वळवून शेजारणीकडे पाहते. त्यामुळे एक ओळ कानावर आदळते आणि दुसरी डफाखाली बुडते. मिक्सरवर बसलेला माणूस अशा वेळी काय करतो? आवाज चढला की बटण किंचित खाली घेतो, उतरला की सोडून देतो. कंप्रेसर म्हणजे हेच काम न थकता करणारा हात. कोणत्या पातळीनंतर हात हलायचा ते ‘थ्रेशोल्ड’ ठरवतो, किती हलायचा ते ‘रेशो’. रेशो चारास एक असेल, तर त्या पातळीच्या चार डेसिबल वर गेलेला आवाज एकच डेसिबल वर राहतो. हात किती चपळाईने खाली यावा हा ‘अटॅक’, आणि किती सावकाश परत जावा हा ‘रिलीज’. अटॅक फार चपळ ठेवला तर डफावरची थाप बोथट होते.

यात एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. लागतो तो वाक्य लिहिता येणारा माणूस. वाक्य लिहिणे हा आपला धंदा आहे, निदान पगार तरी त्याचाच मिळतो.

चित्रफितींबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्या कुठे दाबायचे ते दाखवतात, का दाबायचे ते क्वचितच सांगतात. ‘बफर साइझ १२८ करा’ असे सांगून शिकवणारा पुढे जातो. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर तेच केले की आवाज तडतडू लागतो, आणि आपलेच काहीतरी चुकले अशी समजूत करून तो गप्प बसतो. वास्तविक गोष्ट सोपी आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असतील तर ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे बारा मिलिसेकंदांचा उशीर. बफर लहान केला की उशीर कमी होतो, पण यंत्राला श्वास घ्यायला फुरसत उरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण करताना लहान, नंतर काटछाट करताना मोठा. कारण कळले की आकडा पाठ करावा लागत नाही, दुसऱ्या लॅपटॉपवरही अडत नाही.

लयीचेही तसेच. बहुतेक सॉफ्टवेअरांत नवे काम उघडले की मिनिटाला १२० ठोके आणि चार मात्रांची चौकट आधीच मांडलेली असते. ही निव्वळ सोय आहे. नवख्याला मात्र तो नियम वाटतो. समूहाने गायलेले गाणे जोशाबरोबर चढत जाते. त्याला त्या चौकटीत कोंबले की गाणे मरते, आणि मग आपल्यातलेच कुणी लोकसाहित्याचे अभ्यासक ‘यंत्राने लोकगीत मारले’ असा निबंध वाचतात. चौकट बंद करण्याचे बटण तिथेच असते हो! ठोका बंद ठेवून आधी गाऊ द्यावे, नंतर त्या गाण्यावर मात्रा मांडाव्यात. सात मात्रांचा रूपक किंवा चौदांची दीपचंदी हवी असेल तर तीही मांडता येते. यंत्र हट्टी नसते, शिकवणारा आळशी असतो.

मग त्या मुलाने आज काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत मुळीच घेऊ नये. २००० सालापासून फुकट मिळणारे ‘ऑडॅसिटी’ उघडावे आणि दोनच मिनिटांची एक लेंगी घ्यावी. पंखा बंद, भिंतीवर गोधड्या, आवाजाची शिखरे उणे बारा डेसिबलच्या आसपास. ऐंशी हर्ट्झच्या खालची घरघर काढावी, सुरुवात-शेवट छाटावा, आणि ते मोबाइलवर, रिक्षातल्या स्पीकरवर, म्हातारीच्या कानाला लावून ऐकावे. ती म्हणाली ‘हे माझं गाणं नाही’, तर पुन्हा करावे. ते पूर्ण झाल्याशिवाय दुसरी चित्रफीत पाहू नये. त्यानंतर ‘रीपर’ घ्यावे. साठ दिवस ते पूर्ण स्वरूपात तपासता येते. ‘एफएल स्टुडिओ’चे आकर्षण सर्वांनाच असते, पण त्याच्या चाचणी आवृत्तीत साठवलेले काम पुन्हा उघडून पुढे नेता येत नाही, हे आधी ठाऊक असावे.

एवढ्याने मुलाचे भागेल. आपले भागणार नाही. गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही, आपल्याकडे ती देवनागरीत लिहिली जाते. म्हणजे त्या तांड्यावरच्या गाण्यांची नीटस ध्वनिफीत आणि टिपणवही एकाच मुलाच्या हातून व्हायची आहे. त्याला आपण प्रकल्पाचा विषय देतो ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’, आणि तो तिसऱ्याच कुणाच्या प्रबंधातून तो उतरवून काढतो. त्याऐवजी दहा लेंगींचे ध्वनिमुद्रण, त्यांची संहिता आणि ते कसे केले याचे वीस पानांचे मराठी गद्य मागावे. ती वीस पाने पुढच्या वर्षीच्या मुलाला द्यावीत. त्याने दुरुस्त करून त्यापुढच्याला. मंडळाची मान्यता येईपर्यंत थांबायचे असेल तर थांबा, परंतु लेंगी पाठ असलेल्या बाया सत्तरीपुढच्या आहेत.