मेलेल्या पक्ष्यांना पहिले बक्षीस

पक्ष्यांच्या छायाचित्रांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा दर वर्षी इंग्लंडमधून घेतली जाते. 'बर्ड फोटोग्राफर ऑफ द इयर' हे तिचे नाव. २०२४ साली तिच्याकडे जगभरातून वीस हजारांहून अधिक छायाचित्रे आली. त्यांतून जे सर्वश्रेष्ठ ठरले, त्यात पक्षी आहेत चार हजारांहून जास्त. पण त्यांतला एकही उडत नाही, गात नाही, पिलांना भरवत नाही. ते सगळे मेलेले आहेत.

कॅनडातील टोरांटो शहरात काचेच्या इमारतींवर आपटून मेलेले हे पक्षी. १९९३ पासून तेथे 'फ्लॅप' नावाची एक संस्था काम करते. तिचे स्वयंसेवक पहाटे उठून इमारतींच्या पायथ्याशी पडलेले पक्षी वेचतात. जिवंत असतील त्यांच्यावर उपचार होतात. मेलेले जपून ठेवले जातात आणि वर्षाअखेरीस एकाशेजारी एक असे नीट मांडले जातात. या कामात स्वतः असणाऱ्या पॅट्रिशिया होमोनिलो यांनी त्या मांडणीचे छायाचित्र घेतले आणि साडेतीन हजार पौंडांचे पहिले पारितोषिक त्याला मिळाले.

आमच्या निसर्ग मंडळाने गेल्या काही वर्षांची विजेती छायाचित्रे फलकावर लावली, तेव्हा या एका चित्रापुढे सर्वांत जास्त गर्दी झाली आणि सर्वांत जास्त वादही झाला. "हा काय फोटो आहे? हा तर पंचनामा झाला!" असे एकाने म्हटले. दुसऱ्याचा आक्षेप असा, की निसर्ग जसा आहे तसा टिपणे हे छायाचित्रकाराचे काम. माणसांनी हाताने मांडलेल्या वस्तूचे चित्र या स्पर्धेत बसतेच कसे? तिसऱ्याने तर सरळ सांगून टाकले, की परीक्षकांनी बक्षीस कलेला दिलेले नाही, कळवळ्याला दिले आहे. हे तिन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. तरीही परीक्षकांचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, आणि ते का, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हे मान्य करू, की बाकीची विजेती छायाचित्रे कोणालाही भुरळ पाडतील अशीच आहेत. २०२३ चे पारितोषिक जॅक झी या अमेरिकन छायाचित्रकाराला मिळाले. आपल्या घरट्याच्या आसपास आलेल्या भल्यामोठ्या पेलिकनवर बहिरी ससाण्याची मादी झेपावते, तो क्षण त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पकडला. त्या क्षणासाठी तो चार वर्षे प्रयत्न करीत होता. २०२५ चा विजेता कॅनडाचा लिरॉन गर्ट्समन. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणात, मेक्सिकोच्या मासात्लान शहराजवळच्या समुद्रावर, सूर्याची 'हिऱ्याची अंगठी' दिसते त्या मोजक्या क्षणांत एक फ्रिगेट पक्षी बरोबर तिच्यापुढून गेला आणि याच्या कॅमेऱ्यात उमटला. यात नशीब आहे, पण नशीब ज्याच्या दारात उभे राहावे अशी तयारीही आहे. ही छायाचित्रे पाहून माझ्याही तोंडून 'वा!' निघाले. प्रश्न एवढाच, की 'वा!' निघणे हीच चांगल्या छायाचित्राची एकमेव कसोटी आहे काय?

हा वाद आपल्याला नवा नाही. मराठी विभागाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो परीक्षेपुरता तरी पाठ असतो. फडके म्हणाले, कला ही कलेसाठी. खांडेकर म्हणाले, कला ही जीवनासाठी. आपण दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून पंधरापैकी नऊ गुण मिळवतो आणि मोकळे होतो. पण प्रत्यक्ष एखादे चित्र समोर आले की कळते, या दोन बाजू वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. होमोनिलो यांच्या चित्रातील पक्षी जर नुसते ढिगाने पडलेले असते, तर आपण तोंड फिरवून पुढे गेलो असतो. ते मांडलेले आहेत. आधी डोळ्याला रंग दिसतात, पिसांचे नक्षीकाम दिसते, ओळींची शिस्त दिसते. मग क्षणाने ध्यानात येते की आपण काय पाहत आहोत. तो जो क्षणाचा उशीर आहे, तीच त्या चित्रातील कला. पंचनाम्यात हा उशीर नसतो.

आणि मेलेला पक्षी कलेचा विषय होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांना मी तमसेच्या तीरावर नेऊ इच्छितो. व्याधाच्या बाणाने क्रौंचाच्या जोडीतील एक पक्षी पडला, वाल्मीकींनी ते पाहिले आणि त्यांच्या शोकाचा श्लोक झाला, असे आपली परंपरा सांगते. ज्या परंपरेने आपल्या आद्यकाव्याचा उगमच एका मारलेल्या पक्ष्यापाशी दाखवला, त्या परंपरेतल्या मुलांनी चार हजार मेलेल्या पक्ष्यांना 'हा कलेचा प्रांत नव्हे' म्हणावे, हे मला पटत नाही. करुण रसाला आपल्याकडे पाट मांडलेला आहे. तो आपण उचलू नये.

आता दुसरा आक्षेप : हाताने मांडलेले चित्र. येथे मांडणे आणि फसवणे यांतला भेद लक्षात घेतला पाहिजे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी घेणाऱ्या एका लांडग्याच्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे परीक्षकांची खात्री पटली, की तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला असावा. छायाचित्रकाराने ते नाकारले, तरी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. त्याच स्पर्धेत २०१७ साली गौरवलेल्या एका चित्रातील मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघून २०१८ मध्ये तेही चित्र बाद झाले. तेथेही छायाचित्रकाराने आरोप मान्य केला नाही. या दोन्ही चित्रांत डोळ्याला दिसत होते एक आणि परीक्षकांच्या मते घडले होते दुसरेच. टोरांटोच्या चित्रात असे काही नाही. पक्षी कोठून आले, कोणी वेचले, कोणी मांडले, हे सगळे उघड आहे. जे लपवलेले नाही त्याला बनाव कसे म्हणणार?

उलट मी तर म्हणेन, की 'निसर्ग जसा आहे तसा' या नावाखाली आपल्याकडे जे चालते त्याकडे अधिक बारकाईने पाहावे. पावसाळ्यापूर्वी आमच्या गावच्या ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तकाने घरटे केले होते. पिलांचा फोटो स्वच्छ यावा म्हणून कोणा हौशी मंडळींनी घरट्यापुढच्या डहाळ्या छाटल्या. आडोसा गेला, ऊन लागले, कावळ्यांना वाट दिसली; तीन दिवसांत घरटे रिकामे झाले. त्या मंडळींकडे फोटो मात्र सुंदर असणार! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणेही येते, हे किती जणांना ठाऊक आहे? मेलेल्या पक्ष्यांचा फोटो काढणाऱ्या बाईंनी एकाही पक्ष्याला इजा केली नाही. जिवंत पिलांचा फोटो काढणाऱ्यांनी मात्र पिले घालवली. मग निसर्गाचा फोटो कोणाचा?

राहिला तिसरा आक्षेप, कळवळ्याचा. कळवळ्याने काय होते, असे विचारले जाते. अमेरिकेत काचेवर आपटून वर्षाला साडेछत्तीस कोटी ते सुमारे नव्व्याण्णव कोटी पक्षी मरतात, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला. आकडा वाचून आपण पान उलटतो. शिकागोतील एका प्रचंड सभागृहाच्या काचांखाली पडलेले पक्षी तेथील फील्ड म्युझियमचे लोक १९७८ पासून गोळा करून नोंदवत आले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच रात्रीत तेथे जवळजवळ एक हजार पक्षी मेले. त्यांच्या ओळीने मांडलेल्या कलेवरांची छायाचित्रे जगभर छापून आली आणि ओरड झाली. पुढच्याच वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पापुद्रा बसवण्यात आला व मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. नोंदी चाळीस वर्षांच्या होत्या. हालचाल झाली ती चित्रे लोकांच्या डोळ्यांपुढे आल्यावर. कळवळा एकटा पुरत नाही हे खरे, पण नोंदवहीला तो पाय देतो.

"हे सगळे तिकडचे," असे म्हणून सुटका होणार नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज माळढोक आपल्या राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि राजस्थानात जे उरले आहेत त्यांना विजेच्या तारांचा मोठा धोका आहे. त्या जड पक्ष्याला उडताना समोरची तार वेळेवर दिसत नाही. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचा दर्शनी भाग काचेचा आहे. सकाळी तीत समोरची गुलमोहराची रांग जशीच्या तशी दिसते. माणसाला ती शोभा वाटते, पक्ष्याला वाटते झाडे आणखी पुढेही आहेत. ग्रंथालयातील मामा रोज सकाळी तेथे झाडू मारतात. त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखवले : या वर्षी दोन तांबट, एक खंड्या, आणि मृगाच्या तोंडावर एक "सात रंगांचा पक्षी". तो नवरंग. दक्षिणेतून शेकडो मैलांचा प्रवास करून पावसाबरोबर आपल्याकडे वीण घालायला येणारा तो पाहुणा आपल्या दारात मरून पडला आणि केराच्या टोपलीत गेला. त्याचा फोटो कोणी काढला नाही, कारण तो फोटो काढण्यासारखा आहे असे कोणाला वाटले नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी दोन गोष्टी मागतो. पहिली, निसर्ग मंडळाच्या चालकांकडे : येत्या ऑक्टोबरमधील वन्यजीव सप्ताहात जी छायाचित्र स्पर्धा होईल, तीत प्रत्येक स्पर्धकाने चित्रामागे ते कसे मिळवले हे चार ओळींत लिहावे आणि घरट्यांची चित्रे स्वीकारूच नयेत. दुसरी, प्राचार्यांकडे : त्या दर्शनी काचेवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके उमटवण्याची परवानगी द्यावी. रंग आणि कुंचले आम्ही आणू, शिडी महाविद्यालयाने द्यावी. इमारतीची शोभा थोडी उणी होईल असे कोणी म्हणेल. आमचे चित्रकला मंडळ ती उणीव भरून काढील. पाऊस जूनमध्ये येतो आणि नवरंग त्याच्याबरोबर येतो. काम मे महिन्यात व्हायला हवे.