अंबाडीच्या बोंडांना महामार्गावर जागा हवी

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालो की पेण तालुक्यातले गडब लागते. पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला विकून चार पैसे मिळवणारा हा परिसर. तहानलेल्या प्रवाशासाठी मात्र इथल्या टपऱ्यांवर देशभर मिळतात त्याच रंगीत बाटल्या असतात. त्यांच्या शेजारी लाल अंबाडीच्या बोंडांचे, आले-लवंग घातलेले सरबत विकले जावे आणि ती बोंडे आसपासच्याच बांधांवरून यावीत. अंबाडीचा पाला आपण कण्या आणि लसणाची फोडणी घालून आवडीने खातो. बोंडे मात्र फार तर चटणीपुरती. हीच बोंडे आले घालून उकळतात आणि जमैकात नाताळला घरोघरी ते पेय पितात, कारण पीक तेव्हाच तयार होते. इजिप्तमध्ये त्याचे ‘करकदे’ होते, सेनेगलमध्ये ‘बिसाप’. आपल्याकडेही बोंडे भरतात ती भातकापणीच्या सुमारास आणि त्यानंतर, म्हणजे घरात हातखर्चाला पैसे हवे असतात तेव्हा.

कोकम असताना हे कशाला, असे कोणी विचारील. कोकम आपले आहेच, त्याला हटवायचे नाही. पण कोकमाचे रोप लावल्यावर फळासाठी काही वर्षे थांबावे लागते आणि त्यासाठी स्वतःची जमीन लागते. अंबाडी पावसाळ्यात पेरली की त्याच वर्षी हाती येते, तिला परसाची कडही पुरते. खाचरात साचलेले पाणी तिला सोसत नाही, म्हणून जागा बांधाचीच. खारपाटात आधी थोडीच लावून पाहावी. बियाणे मात्र पारखून घ्यायला हवे. वाखासाठी लावतात त्या अंबाडीला असे मांसल बोंड धरत नाही. पीक हिवाळ्यात आणि तहान उन्हाळ्यात, हा आक्षेपही टिकणारा नाही. आतली बियांची बोंडी काढून लाल पाकळ्या सुकवल्या की त्या महिनोन्‌महिने राहतात. साधारण दहा किलो ओल्या पाकळ्यांच्या एक किलो सुक्या होतात, हे धरूनच भाव ठरवावा. उकळायला भांडे स्टीलचे घ्यावे, कारण हा आंबटपणा तांब्या-अॅल्युमिनियमला खातो. ठेचलेले आले पाण्यात आधी उकळू द्यावे, पाकळ्या नंतर टाकून झाकून ठेवाव्यात आणि गाळल्यावर गूळ किंवा साखर घालावी.

मोह होईल तो हे औषध म्हणून विकण्याचा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या 2010 च्या अभ्यासात 65 जणांपैकी ज्यांनी सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा घेतला, त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 7 अंकांनी उतरला. पण तो अभ्यास चहाचा होता. ग्लासभर गोड सरबताला तो दाखला लावणे ही फसवणूकच, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारूनच हे रोज प्यावे. बाटलीवर फक्त घटक, तारीख आणि गावाचे नाव असावे. अन्नसुरक्षेची नोंदणी, स्वच्छ पाणी आणि धुतलेले ग्लास एवढे एखाद्या बचत गटाला जमण्यासारखे आहे. बियाण्याची निवड आणि सुकवण्याची रीत यांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पेण तालुक्यातल्या गटांना येत्या पावसाळ्याआधीच हात द्यावा.