खिडकीतून दोघांनी उडी मारावी

दादाचं लग्न होऊन चार महिने झाले. रात्री जेवणं आटोपली की तो आणि वहिनी तेलीबांधा तलावावर फिरायला जातात. आई रोज कुरकुरते, "घरात बसून बोलता येत नाही का?" आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. परवा मी आईला आपल्या रायपूरच्याच एका लेखकाची गोष्ट सांगितली.

विनोद कुमार शुक्ल यांचा जन्म १९३७ साली राजनांदगावला झाला. रायपूरच्या कृषी विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि इथेच राहून लिहिलं. 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही त्यांची हिंदी कादंबरी १९९७ साली आली. तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे २०२४ च्या ज्ञानपीठासाठीही त्यांची निवड झाली. छत्तीसगडच्या लेखकाला मिळालेलं हे पहिलं ज्ञानपीठ.

गोष्ट अगदी साधी आहे. रघुवर प्रसाद छोट्या गावातल्या कॉलेजात गणित शिकवतो. सोनसी त्याची नवी नवरी. पगार बेताचा, घर म्हणजे भाड्याची एक खोली. कॉलेजला जायला टेम्पोची वाट बघावी लागते. मग एक दिवस हत्तीवरचा साधू भेटतो आणि त्याला बसवून नेऊ लागतो! पण खरी गंमत खोलीच्या खिडकीत आहे. तिच्यातून उडी मारली की पलीकडे वेगळंच जग. नदी, तळी, झाडं, पाखरं आणि प्रेमाने चहा पाजणारी एक म्हातारी. दोघं तिथे मनसोक्त हिंडतात आणि परत आपल्या खोलीत येतात.

बी.ए.ला असताना मी फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' वाचली होती. तिथली एम्माही छोट्या गावात राहते, पण घुसमटते. सुख दुसऱ्या माणसांत, महागड्या वस्तूंत शोधत राहते आणि शेवटी जीव देते. तिच्याही घराला खिडक्या होत्या, पण बाहेर ती एकटीच बघत बसायची. रघुवर आणि सोनसी उडी मारतात ती बरोबर. मला वाटतं, सगळा फरक इथेच आहे. मोकळं व्हायला दरवेळी गाव सोडावं लागत नाही. पण दोघांची अशी थोडी जागा मात्र लागते, आणि घरच्यांनी ती जाऊ द्यावी लागते.

आई भाजी निवडत ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आमच्या वेळी बुढा तालाब होता. तुझी आजीही अशीच कुरकुरायची."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने वहिनीच्या हातातला ओट्याचा फडका काढून घेतला. "मी आवरते गं. तुम्ही निघा."

कादंबरीची हिंदी सोपी आहे, घाई न करता वाचा. आणि तुमच्या घरातली खिडकी कोणती, तेही आठवून बघा.